आडव्या रेघेची वंशावळ

माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. अल्फा साखळीत १४१ अमिनो आम्लं, बीटा साखळीत १४६. दोन्ही एकाच पूर्वज जनुकापासून आल्या आहेत हे धरून त्या एकीखाली एक लिहायला घेतल्या, की पहिल्या घरानंतरच अडतं. अल्फा सुरू होते व्हॅलिन, ल्युसिन, सेरिन, प्रोलिन अशी. बीटा व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन अशी. ल्युसिनखाली ल्युसिन आणि प्रोलिनखाली प्रोलिन यायचं, तर अल्फाच्या ओळीत व्हॅलिननंतर एक घर मोकळं सोडावं लागतं. तिथे आडवी रेघ येते. पुढे बीटामध्ये दोन घरं मोकळी, मग अल्फात एक, आणि थोड्याच अंतरावर अल्फात सलग पाच. अल्फाच्या सात रेघा, बीटाच्या दोन. १४१ आणि ७ म्हणजे १४८. १४६ आणि २ म्हणजेही १४८. ओळी जुळल्या.

या नऊ रेघांपैकी एकही प्रयोगशाळेत कुणाला सापडलेली नाही. रक्तातून साखळी वेगळी काढून कितीही वेळा वाचा, हाती येतात ती १४१ किंवा १४६ अमिनो आम्लंच. रेघ ओढतो तो दोन साखळ्या शेजारी ठेवणारा. ती ओढताना तो सांगत असतो, की इथे कधीकाळी काहीतरी गळलं, नाहीतर समोरच्या ओळीत काहीतरी शिरलं. दोहोंपैकी काय घडलं, ते रेघेवरून कळत नाही. असं हे चिन्ह पुढे संगणकात डीएनएच्या ए, सी, जी, टी यांच्या पंगतीला बसलं. त्याच्यासाठी क्लास लिहिले गेले, मोडले गेले, पुन्हा लिहिले गेले. जीवशास्त्राच्या कोडमध्ये मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारा प्रश्न हाच आहे: जे अक्षर नाही, त्याला वर्णमालेत कुठे बसवायचं?

फ्रेडरिक सँगर यांना या रेघेची गरज पडली नव्हती. त्यांनी केंब्रिजमध्ये इन्सुलिनची ५१ अमिनो आम्लं क्रमाने वाचली आणि १९५५ मध्ये गाय, डुक्कर आणि मेंढी यांची इन्सुलिनं शेजारी ठेवली, तेव्हा तिन्हींची लांबी एकच निघाली. फरक होता तो ए साखळीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या घरात. अदलाबदल होती, गळती नव्हती. तीनअक्षरी लेखनात रेघ होती, पण वेगळ्याच कामावर: ग्लाय-आयल-व्हॅल अशी नावं ती जोडत असे. दोन नावांमधली रेघ म्हणजे पेप्टाइड बंध, सलगपणाची खूण. १९६१च्या सुमारास म्युनिकला गेर्हार्ड ब्राउनित्झर यांच्या आणि न्यूयॉर्कला रॉकफेलर संस्थेतल्या गटाने हिमोग्लोबिनच्या साखळ्या वाचून काढल्या, आणि असमान लांबीचा प्रश्न टाळता येईना. एमिल झुकरकँडल आणि लायनस पॉलिंग तर १९६२ मध्ये अशा फरकांवरून साखळ्या कधी वेगळ्या झाल्या याचा काळ काढू लागले होते. काळ काढायचा तर फरक मोजायला हवेत, आणि फरक मोजायचे तर आधी ओळी जुळायला हव्यात.

त्या पाच सलग रेघांना मात्र डोळ्यांनी दिसणारा आधार मिळाला. जॉन केंड्र्यू यांनी हिमोग्लोबिनच्याच कुळातल्या मायोग्लोबिनची घडी क्ष-किरणांनी उलगडली, तेव्हा तिच्यातल्या आठ मळसूत्री तुकड्यांना ए ते एच अशी नावं पडली. बीटा साखळीत हे आठही तुकडे आहेत. अल्फात डी नाही. पाच रेघा पडतात त्या नेमक्या तिथे. इतका पक्का पुरावा फार थोड्या रेघांच्या नशिबी येतो.

मग मार्गारेट डेहॉफ. क्वांटम रसायनात पीएचडी करतानाच त्यांनी पंचकार्डांची यंत्रं गणितांना जुंपली होती. १९६५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रथिनांच्या क्रमांचा ॲटलस काढला. पहिल्या आवृत्तीत ६५ प्रथिनं होती. तीनअक्षरी नावांनी कार्डं भराभर भरत, म्हणून त्यांनी एकअक्षरी लिपी पुढे आणली. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने ती तात्पुरत्या नियमांच्या रूपात मान्य केली. फेनिलअॅलनिनला उच्चारावरून एफ मिळाला, दोन कड्यांच्या ऐसपैस ट्रिप्टोफॅनला रुंद डब्ल्यू. वीस अमिनो आम्लांना वीस अक्षरं गेली. उरलेल्यांपैकी तीन अज्ञानाच्या कामी लागली. आम्लात उकळून प्रथिन तोडताना अ‍ॅस्पॅरॅजिनचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल होतं आणि ग्लुटामिनचं ग्लुटामिक. मूळ कोणतं होतं ते कळेनासं होतं. त्या संशयाला बी आणि झेड, आणि काहीच कळत नसेल तिथे एक्स. जे हे अक्षर अनेक भाषांत नाही, ओ हा शून्याशी आणि यू हा हस्ताक्षरातल्या व्हीशी गोंधळतो, म्हणून ही तिन्ही वगळली होती. पुढे यू सेलेनोसिस्टिनला गेला, ओ पायरोलायसिनला, आणि जे ल्युसिन-आयसोल्युसिनच्या जोडीला, कारण दोघांचं वस्तुमान एकच आणि वस्तुमानमापकाला ती वेगळी दिसत नाहीत. सव्वीसही घरं भरली. मोकळ्या जागेसाठी उरली ती फक्त विरामचिन्हं. दरम्यान एकअक्षरी लिपीत नावं एकमेकांना चिकटून आली होती आणि त्यांना जोडणाऱ्या रेघेला काम उरलं नव्हतं. तेच चिन्ह आता उलट कामावर रुजू झालं.

डीएनएच्या बाजूची वर्णमाला मला जास्त देखणी वाटते. १९८४च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत चार बेसांच्या प्रत्येक शक्य गटाला एकेक अक्षर आहे. ए किंवा जी असेल तर आर, सी किंवा टी असेल तर वाय, ए सोडून काहीही असेल तर बी, चारांपैकी काहीही चालणार असेल तर एन. चार वस्तूंचे रिकामा नसलेले उपसंच पंधरा होतात आणि अक्षरंही पंधरा आहेत. सोळावा उपसंच रिक्त. त्याची गाठ पुढे पडणार आहे.

१९७० मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श यांनी रेघेला किंमत लावली. एक क्रम आडवा, दुसरा उभा मांडून तक्ता करायचा, आणि त्यातून सर्वाधिक गुणांची वाट शोधायची. वाट कर्णावरून चालली तर अक्षराखाली अक्षर येतं. कर्ण सोडला की रेघेची मोकळी जागा, म्हणजे गॅप, पडते आणि गुण वजा होतात. ही वजाबाकी नसेल तर हव्या तितक्या रेघा पेरून काहीही कशाशीही जुळवता येईल. त्यांनी हे देवमाशाचं मायोग्लोबिन आणि माणसाची बीटा साखळी यांच्यावर करून दाखवलं. १९८२ मध्ये ओसामू गोतो यांनी गॅप उघडण्याचा दंड वेगळा आणि लांबवण्याचा वेगळा ठेवूनही तक्ता झटपट भरता येतो असं दाखवलं. यामागे जीवशास्त्र आहे: पाच अमिनो आम्लं बहुधा एकाच झटक्यात जातात, पाच वेळा एकेक करून जात नाहीत. पाच रेघा, पण घटना एक. पाच सुट्या चिन्हांच्या रांगेत ही गोष्ट कुठेच नोंदलेली नसते. १९८७ मध्ये फेंग आणि डूलिटल यांनी पुष्कळ क्रम पायरीपायरीने जुळवायची पद्धत दिली, तिचा दंडक असा की एकदा पडलेली गॅप पुढच्या कुठल्याही पायरीवर बुजवायची नाही. सुरुवातीच्या दोन क्रमांत चुकून पडलेली रेघ अशा रीतीने शेकडो क्रमांत पसरते.

तोवर जो तो आपापली बोली बोलू लागला होता. विस्कॉन्सिनच्या जीसीजी पॅकेजमध्ये मधल्या गॅपला टिंब आणि टोकाच्या गॅपला नागमोडी टिल्डा. फेल्सेनस्टाइन यांच्या फिलिप या पॅकेजमध्ये रेघ म्हणजे गळती, प्रश्नचिन्ह म्हणजे अज्ञात. टिंब आधी चालायचं, पण इतर प्रोग्राममध्ये त्याचे अर्थ निराळे असल्यामुळे ते नंतर बंद केलं गेलं. १९९७च्या नेक्सस फॉरमॅटने वादच मिटवला: प्रत्येक फाइलने स्वतःच्या डोक्यावर लिहावं, की आपल्याकडे गॅपचं चिन्ह कोणतं, अज्ञाताचं कोणतं आणि वरच्या ओळीसारखंच असेल त्याचं कोणतं. फास्टा फॉरमॅटमध्ये एकट्या क्रमातली एक रेघ अज्ञात लांबीची तूट दाखवू शकते, आणि त्याच फॉरमॅटच्या जुळवलेल्या फाइलमध्ये तीच रेघ नेमक्या एका घराची असते.

सगळ्यात धोक्याची जागा अवयव-प्रत्यारोपणाच्या क्षेत्रात आहे. दाता आणि रुग्ण जुळतात का हे ठरवणाऱ्या एचएलए जनुकांच्या आंतरराष्ट्रीय जुळण्यांत रेघेचा अर्थ 'संदर्भ क्रमासारखंच' असा होतो, टिंबाचा अर्थ गॅप, आणि तारका म्हणजे इथलं वाचलेलंच नाही. इतर बहुतेक ठिकाणी याच्या बरोबर उलट: टिंब म्हणजे तसंच, रेघ म्हणजे गॅप. एका पद्धतीची फाइल दुसऱ्या पद्धतीने वाचणाऱ्या प्रोग्रामला कुठेही चूक दिसत नाही. जिथे सगळं जुळतं तिथे त्याला काहीच नाही असं दिसतं.

नव्वदच्या दशकाअखेर कोडच्या तयार लायब्रऱ्या आल्या आणि प्रश्नाने नवं रूप घेतलं. डीएनए, आरएनए आणि प्रथिन या तिघांवर करायची निम्मी कामं एकसारखी असतात: तुकडा काढ, मोज, जोड, गॅप गाळ. ही एकदाच लिहावीत आणि तिन्ही क्लासांनी वापरावीत असं कुणालाही वाटेल. पूरक धागा काढणं मात्र फक्त न्यूक्लिइक आम्लांना लागू. मग गॅपचं ज्ञान कुठे ठेवायचं, वरच्या सामाईक क्लासमध्ये की प्रत्येक वर्णमालेत?

बायोपर्लने सैल धोरण ठेवलं: रेघ, टिंब, बरोबरचं चिन्ह आणि टिल्डा, चारही गॅपच. बायोजावाने तत्त्वज्ञान मांडलं. तिथे एन हे ए, सी, जी, टी या संचाशी जुळणारं चिन्ह आहे, आणि गॅप हे रिक्त संचाशी जुळणारं. त्यातून एक सुरेख निष्कर्ष निघतो. गॅपशी जुळणारं एकही चिन्ह नाही, म्हणून गॅपशी जुळणारं अमुक चिन्ह आपल्यात नाही, असा दोषही कुठल्याही वर्णमालेत निघू शकत नाही. सबब गॅप प्रत्येक वर्णमालेत आहे. सोळाव्या उपसंचाची गाठ पडते ती इथे. तर्क निर्दोष आहे, पण मला तो अपुरा वाटतो. रिक्त संच 'इथे काही नाही' एवढंच सांगतो. 'समोरच्या ओळीत आहे आणि इथे नाही' हे त्यात येत नाही.

बायोपायथनची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. तिथे वर्णमालांची उतरंड होती: सर्वसाधारण अल्फाबेट, त्याखाली एकअक्षरी, त्याखाली न्यूक्लिओटाइड आणि प्रथिन, न्यूक्लिओटाइडखाली डीएनए आणि आरएनए, आणि शेवटी प्रत्यक्ष अक्षरांच्या यादीसह शिफारस केलेल्या वर्णमाला. गॅपसाठी वेगळी शाखा न काढता 'गॅप्ड' नावाचं वेष्टण केलं होतं. कोणतीही वर्णमाला त्यात घाला, गॅपचं चिन्ह सांगा, की नवी वर्णमाला तयार. स्टॉप कोडॉनच्या तारकेसाठी तसंच दुसरं वेष्टण. विचार चांगला होता. एकाच कोडमध्ये तिन्ही प्रकारांची सोय झाली होती.

अडचण वापरात आली. गॅप्डमध्ये गुंडाळलेला डीएनए हा डीएनए आहे का, असं क्लासला विचारलं तर उत्तर 'नाही' येई, कारण वरून दिसतं ते वेष्टण. म्हणून आतली वर्णमाला सोलून काढणारं एक खासगी फंक्शन लिहावं लागलं, आणि जिथे प्रकार तपासायचा तिथे ते आधी बोलवावं लागे. प्रथिनाला आधी गॅप्ड आणि वर स्टॉपचं वेष्टण, की उलट? अर्थ एकच, वस्तू दोन. दोन क्रम जोडताना एकाचं गॅपचिन्ह रेघ आणि दुसऱ्याचं टिंब निघालं की एकाहून जास्त गॅपचिन्हं आहेत अशी तक्रार. क्रमाच्या आतली अक्षरं मात्र जाहीर केलेल्या वर्णमालेशी ताडून बघितलीच जात नसत. सगळा जाच लेबलचा होता. सप्टेंबर २०२० मध्ये १.७८ आवृत्तीत हा अख्खा विभाग काढून टाकला आणि रेणूचा प्रकार ही नोंदीवरची साधी टीप झाली. रेघ आता सरळ मजकुरातलं एक चिन्ह आहे. तीन-तीन बेसांच्या गटांचं, म्हणजे कोडॉनांचं, अमिनो आम्लांत भाषांतर करणाऱ्या फंक्शनमध्ये तिच्या मुक्कामाची खूण राहिली आहे: तीन रेघांच्या कोडॉनची एक रेघ होते, आणि दोन रेघा व एक अक्षर असा कोडॉन आला तर काम थांबतं. हे थांबणं मला फार योग्य वाटतं. अर्धवट कोडॉनवर अंदाज करण्यापेक्षा माणसाला विचारलेलं बरं.

सायकिट-बायोने दुसरी वाट धरली. व्याकरण असलेला एक मूळ क्लास. नव्या वर्णमालेने फक्त एवढं सांगायचं, की निश्चित अक्षरं कोणती, संदिग्ध कोणती आणि ती कशाकशासाठी, गॅपची चिन्हं कोणती. गॅप शोधणं, गाळणं, संदिग्ध क्रम उलगडणं हे सगळं वरून आयतं मिळतं. पूरक धागा न्यूक्लिओटाइडांच्या वेगळ्या तुकड्यात आहे, त्यामुळे प्रथिनाला ते फंक्शन दिसतही नाही. बर्लिनच्या सीक्अॅन-३ मध्ये गॅप ही एकाच चिन्हाची स्वतंत्र वर्णमाला आहे. चार अक्षरी डीएनएशी तिचा संयोग केला की पाच चिन्हांची वर्णमाला होते, आणि पाचवं कोण ते कंपायलरला ठाऊक असतं.

माझी पसंती शॉन एडी यांच्या ईझल लायब्ररीला आहे, जिच्यावर हमर हा प्रोग्राम उभा आहे. तिथे अक्षरांचे आकडे होतात, आणि क्रम ठरलेला असतो. आधी खरी अक्षरं, लगेच गॅप, मग संदिग्ध अक्षरं, मग तारका, शेवटी टिल्डा, जो हरवलेल्या माहितीसाठी. डीएनएची खरी अक्षरं ० ते ३, म्हणून गॅप ४. प्रथिनाची ० ते १९, म्हणून गॅप २०. दोन्हीकडे गॅपचा आकडा म्हणजे खऱ्या अक्षरांची संख्या. एकच ओळ कोड दोघांनाही चालते: आकडा संख्येहून लहान असेल तर अक्षर, बरोबर असेल तर गॅप. रेघ वर्णमालेच्या उंबऱ्यावर आहे, आत घेतलेली नाही आणि हाकललेलीही नाही. आणि 'काही नाही' व 'माहीत नाही' यांना दोन वेगळी चिन्हं आहेत. हजेरीपटात गैरहजर मांडलेलं मूल आणि हजेरीच न घेतलेला दिवस एकाच खुणेने दाखवला, तर महिन्याअखेर बेरीज येईल, पण तिला अर्थ राहणार नाही.

जीनोमच्या युगात रेघ क्रमातून बाहेर पडली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅम फॉरमॅटमध्ये वाचलेला तुकडा जसाच्या तसा, बिनरेघेचा ठेवतात आणि जुळणीची हकिगत शेजारच्या सिगार नावाच्या रकान्यात लिहितात. तिथे गळतीला डी, भरतीला आय, इंट्रॉनवरून मारलेल्या उडीला एन, नुसत्या भरावाला पी. एका रेघेच्या पोटात दडलेले अर्थ इथे सुटे झाले, आणि प्रत्येकापुढे लांबीचा आकडा आला: पाच घरांची गळती ही पाच चिन्हं न राहता एक नोंद झाली. त्याच फॉरमॅटच्या द्विमान रूपात, बॅममध्ये, प्रत्येक बेसला चार बिट मिळतात; ए १, सी २, जी ४, टी ८ आणि एन १५. शून्य ही रिक्त उपसंचाची जागा, पण तिथे बसवलंय 'संदर्भासारखंच' हे चिन्ह. गॅपला तिथे जाण्याचं कारणच उरलेलं नव्हतं.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध आला तो कोविडच्या दुसऱ्या लाटेत. बी.१.६१७ या घराण्याचे विषाणू २०२१च्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या नमुन्यांत मोठ्या प्रमाणावर दिसले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्यांच्या काट्यावरचे, म्हणजे स्पाइक प्रथिनातले, बदल प्रसिद्ध केले. त्याच घराण्यातल्या डेल्टा या प्रकारात काट्याच्या जनुकातले सहा बेस गळलेले आहेत. मुळात तिथे जीएजी टीटीसी एजीए असे तीन कोडॉन, म्हणजे १५६ ते १५८ या घरांत ग्लुटामिक आम्ल, फेनिलअॅलनिन, आर्जिनिन. मधले एजीटीटीसीए हे सहा गेले की उरतं जीजीए, म्हणजे एकच ग्लायसिन. बेसांच्या पातळीवर गळती कुठे झाली याबद्दल शंका नाही. प्रथिनाच्या पातळीवर मात्र ग्लायसिन कुठल्या घरात ठेवायचं? काहींनी १५६ आणि १५७ रिकामी करून आर्जिनिनच्या जागी ग्लायसिन लिहिलं. काहींनी ग्लुटामिक आम्लाच्या जागी ग्लायसिन लिहून १५७ व १५८ रिकामी केली. विषाणू तोच, उत्परिवर्तनांच्या याद्या दोन.

याच गळतीने आणखी घोळ केला. विषाणूचा जीनोम वाचण्याच्या आर्टिक पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत तो ९८ तुकड्यांत वाढवून वाचत. त्यातल्या ७२व्या तुकड्याचा एक प्राइमर नेमका या सहा बेसांवर बसायचा. डेल्टात तो बसेना आणि तुकडा वाढेना. तिथे एन पडायला हवा होता, म्हणजे वाचलं नाही. पण काही जीनोममध्ये १४२व्या घरात मूळ विषाणूचंच ग्लायसिन नोंदलं गेलं, आणि तिथला खरा बदल काही डेल्टात आहे आणि काहींत नाही असं दिसू लागलं. २०२१ मध्येच हा फरक तांत्रिक असल्याचं उघड झालं. त्याआधीच्या अल्फा या विषाणू-प्रकाराच्या बाबतीत उलट घडलं होतं. ६९ आणि ७० ही घरं गळल्यामुळे एका प्रचलित पीसीआर किटमधला काट्याच्या जनुकाचा संकेत येत नसे, बाकीचे दोन येत, आणि डिसेंबर २०२०च्या इंग्लंडमध्ये या न येण्यावरूनच अल्फाचा फैलाव मोजला गेला.

रेघेचा सर्वांत नवा मुक्काम प्रथिनांच्या भाषा-मॉडेलांत आहे. मेटाच्या ईएसएम मॉडेलांच्या कोडमध्ये चिन्हांची यादी ठेवणाऱ्या क्लासचं नाव आजही अल्फाबेट आहे. ईएसएम-२ मध्ये ३३ चिन्हं आहेत. वीस अमिनो आम्लं, मग एक्स, बी, यू, झेड, ओ, मग टिंब, मग रेघ. शिवाय ओळ भरून काढायचं एक चिन्ह, अनोळखी अक्षराचं एक, झाकलेल्या घराचं एक. रिकामेपणाचे इतके प्रकार एका यादीत सुटे सुटे याआधी क्वचितच मांडले गेले असतील. गंमत अशी, की हे मॉडेल न जुळवलेल्या क्रमांवर शिकलं आहे, त्यामुळे रेघेला यादीत जागा असली तरी ती त्याच्या वाचनात येत नाही. तिचं काम २०२१च्या एमएसए ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे, जो २.६ कोटी जुळण्यांवर शिकवलेला आहे. त्याला जुळणीतली काही घरं झाकून दिली जातात आणि आत काय असेल ते ओळखायला सांगितलं जातं. वीस अमिनो आम्लांच्या बरोबरीने रेघ हेही तिथे एक उत्तर असू शकतं.